पुण्याला गेले आणि गोगलगायी पाहून आले

पुण्याहून परतल्यापासून वर्ध्यात जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं? शनिवारवाडा? पर्वती? सारसबाग? मी म्हणते, गोगलगायी. मग समोरच्याचा चेहरा असा काही होतो की मला हसू आवरत नाही. पण खोटं कशाला सांगू? आठ दिवस मी पुण्यात होते आणि त्या आठ दिवसांत गोगलगायींनी मला दुसरं काही धड पाहू दिलं नाही. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर खडूने गोगलगाय काढायची, बाण काढून नावं द्यायची आणि तास संपला की पुसून टाकायची. आमच्याकडे पावसाळ्यात दिसते ती नखाएवढी. आफ्रिकेतून आलेली मोठी शंखी गोगलगाय मी फक्त पुस्तकात पाहिली होती. माझी मुलगी मुग्धा हडपसरच्या पुढे एका आयटी कंपनीत लागली, तिथेच जवळ तिने भाड्याने फ्लॅट घेतला आणि "आई, आता रिटायर झालीस, ये ना" म्हणून लकडा लावला. श्रावणात मी निघाले. गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, शेजारची बाई घोरत होती एवढंच.

सोमवार, कंपाउंडची भिंत

मुग्धाला न्यायला कंपनीची गाडी सकाळी साडेसहालाच आली. मी फिरायला खाली उतरले. तीन इमारती, मध्ये बाग, चारही बाजूंनी भिंत. आमच्या गल्लीत नवीन माणूस दिसला की "काहून हो, कोणाकडे आल्या?" असं चार जणी तरी विचारतात. इथे पंधरा माणसं समोरून गेली, एकानेही मान वर केली नाही. बोलत होती ती फक्त पाटी: "फुले तोडू नयेत. देवाला विकतची चालतात."

पाटी वाचून हसत होते तेवढ्यात भिंतीकडे नजर गेली आणि मी चक्क ओरडले. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर माझ्या मुठीएवढी गोगलगाय वर चढत होती! तपकिरी शंखावर उभे पट्टे, चारही शिंगं बाहेर, लांबच लांब ओला पाय. बत्तीस वर्षं जी खडूने काढली ती इथे जिवंत, माझ्या नाकासमोर. मला इतका आनंद झाला की कोणाला सांगू असं झालं.

"हात नका लावू ताई, खाज सुटती," मागून आवाज आला. दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई बादली घेऊन उभी होती. या सिंधूबाई. सोसायटीची बाग त्याच सांभाळतात, रोज पहाटे लोणी काळभोरहून बसने येतात. बादली शंखांनी निम्मी भरली होती. त्यांनी भिंतीवरची गोगलगाय उचलली, बादलीत टाकली आणि अख्खी बादली भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये उलटी केली.

"मारत नाही?" मी विचारलं.

"कमिटी म्हनती मारायचं न्हाई, जीव हाय. भिताडाच्या पल्याड टाका म्हनत्यात. तीन म्हैने झालं, रोज टाकतीय. रोज तेवढ्याच." मग त्या म्हणाल्या, "आता म्हनत्यात मी येचतच न्हाई. ऐतवारी मिटिंग हाय. दुसरा माळी आननार."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. पण हातांवरच्या पिशव्या सोडताना गाठ काही सुटेना. नवरा नाही, घर यांच्याच पगारावर चालतं, असं वॉचमनने मला नंतर सांगितलं. मला तिथेच राग आला. ज्या बाईच्या बादलीत मी डोळ्यांनी शंख पाहिले, ती वेचत नाही म्हणे!

मंगळवार, काचेचं टेबल

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच खाली. सिंधूबाईंच्या बादलीत हात घालणार तोच थबकले. एका गोगलगायीच्या शंखाची कड तुटलेली होती, बरोबर त्रिकोणी. हीच काल पलीकडे टाकलेली मी पाहिली होती. ती परत आली होती का? की तसाच तुटलेला दुसरा शंख? डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

ती गोगलगाय मी पिशवीतून वर नेली आणि मुग्धाच्या काचेच्या टीपॉयवर ठेवली. पाच मिनिटं काही नाही. मग शंखातून आधी पाय निघाला, मग डोकं, मग दोन मोठी शिंगं. डोळे त्यांच्या टोकाला असतात. बोट जवळ नेलं की शिंग आतल्या आत गुंडाळलं जातं, मोज्याचं टोक आत ओढावं तसं. खालची दोन छोटी शिंगं वास आणि चव घेत टेबलावर टेकत टेकत चालली होती. उजव्या बाजूला, शंखाच्या कडेखाली, एक छिद्र उघडत होतं आणि मिटत होतं. तो तिचा श्वास.

मी सरळ जमिनीवर आडवी झाले आणि काचेखालून पाहिलं. काय सांगू! तिच्या पायावर बारीक गडद लाटा शेपटीकडून डोक्याकडे पळत होत्या, एकीमागून एक. पाय उचलत नाही, टाकत नाही, नुसत्या लाटांवर अख्खा देह पुढे सरकतो. खाली चिकट स्राव पसरत जातो. दाब पडला की तो पातळ होतो, दाब गेला की पुन्हा चिकट. म्हणून ती घसरतही नाही आणि अडकतही नाही. हे मी हजार वेळा शिकवलं होतं. समजलं मात्र त्या दिवशी, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने टीपॉयखाली मान घातली तेव्हा.

मग मी दाढीचं पातं वॉचमनकडून मागून आणलं, मातीच्या गोळ्यात उभं रोवलं आणि तिच्या वाटेत ठेवलं. ती पात्याच्या धारेवर चढली, ओलांडून पलीकडे उतरली. ओरखडासुद्धा नाही! दोन फुटांची फरशी ओलांडायला तिला साडेनऊ मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. कोबीचं पान दिलं तर कान जवळ नेल्यावर खरखर ऐकू आली. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, कानशीच असते ती.

मुग्धा संध्याकाळी आली आणि दारातच किंचाळली. "आई! टेबलवर? इट्स सो ग्रोस! मी इथे मॅगी खाते!"

"साबणाने पुसते," मी म्हटलं, "पण आधी खालून बघ."

ती नाही नाही म्हणत वाकली. पुढची दहा मिनिटं ती काचेखालून उठली नाही. ऑफिसच्या पिशवीसकट आडवी झालेली माझी मुलगी मला तेव्हा आठवीतली दिसत होती.

दातांसाठी भिंग हवं होतं. त्याच दुपारी मी त्यासाठी नारायण पेठेत जाऊन आले होते. दुकानदाराने वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "कशाला?"

"गोगलगायीचे दात पाहायचे आहेत."

"त्यासाठी दातांचे डॉक्टर आहेत. चौकात," असं म्हणून त्याने भिंग पुढे सरकवलं. वर्ध्यात असतं तर त्याने खुर्ची दिली असती, चहा दिला असता आणि चुकीचं भिंग दिलं असतं. याने भिंग मात्र अगदी नेमकं दिलं.

बुधवार, बेचाळीस सह्या

तुटक्या कडेची ती गोगलगाय काही मला स्वस्थ बसू देईना. गोगलगायी दिवसा ठरावीक आडोशाला परततात, आपल्याच वासाच्या मागावरून वाट काढतात, हे वाचलेलं आठवत होतं. भिंतीपलीकडे पाच पावलांवर टाकलेली गोगलगाय परत येणारच. पण मला पटून काय उपयोग? कमिटीला पटायला हवं होतं.

सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी फाटक यांना बागेत गाठलं. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शनिवार पेठेतून इथे राहायला आलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी म्हटलं, शंखांवर खूण करून पलीकडे टाकू आणि परत येतात का पाहू.

"आपण सभासद आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मुलगी भाडेकरू आहे."

"म्हणजे आपण भाडेकरूच्या पाहुण्या." त्यांनी खिशातली पेनं नीट केली. "खूण कोणीही करू शकतो. टाकताना एक करायची, नंतर दुसऱ्याच शंखावर तीच करायची. ज्यावर सही नाही तो पुरावा मी कधी धरला नाही, चाळीस वर्षांत."

"मग करा सही," मी म्हटलं.

मला वाटलं चिडतील. पण कागद समोर आला की सही करायची ही सवय हाडात मुरलेली असावी. मी मुग्धाचा सीडीवर लिहायचा मार्कर पुढे केला. फाटक खुर्ची घेऊन बसले, खिशातून चष्मा काढला आणि सिंधूबाईंनी एकेक शंख पुसून पुढे धरायचा, यांनी त्यावर आपली छोटी, शेपटी वळवलेली सही ठोकायची, असा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक सही तितकीच नीट. बेचाळिसावी झाल्यावर त्यांनी मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाले, "झालं. आता यांना प्रमोशन द्यायचं तेवढं राहिलं."

सिंधूबाईंनी त्यांच्यासमोर बादली पलीकडे उलटी केली. मी इतकी खूश होते की चहा प्यायचाच विसरले.

गुरुवार, लोणी काळभोर

गुरुवारी काम आटोपल्यावर सिंधूबाईंबरोबर त्यांच्या गावाला गेले. सोलापूर रस्त्यावर हडपसर मागे पडलं की काचेच्या इमारती हळूहळू विरळ होतात आणि मध्येमध्ये ऊस दिसू लागतो. त्यांच्या दिराच्या शेतात कोबी होता आणि कोबीवर त्याच गोगलगायी. पण इथे पद्धत वेगळी. संध्याकाळी बारदानाची पोती गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांत पसरतात. गुळाच्या वासाने गोगलगायी पोत्याखाली जमतात. पहाटे पोतं उचलायचं, सगळ्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकायच्या.

"पाप लागत नाही का?" मी मुद्दाम विचारलं.

"लागू द्या. कोबी त्यांनी खाल्ला तर आमी काय खायाचं?" सिंधूबाईंचे दीर म्हणाले.

सिंधूबाईंनी खुरप्याने बांधाची माती उकरून मला अंडी दाखवली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पिवळसर, ढीगच्या ढीग. यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, हे मी सांगितल्यावर त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "म्हंजे बाळंतपनं दोघांचीबी? बरंय की!" त्यांच्या मोरीत रांजणाखाली एक बिनशंखाची गोगलगायही सापडली, काळसर, बोटभर. शंख नाही, बाकी चाल तीच, लाटा त्याच. उन्हाळ्यात ही ओल्या मातीत खोल शिरते आणि शंखवाली शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून झोपते, पाऊस येईपर्यंत.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि कच्चा कांदा होता. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, वरून तेल. मी तीन भाकरी खाल्ल्या. हात धुताना सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "परत आल्या न्हाईत तर, ताई?"

मी येतील म्हटलं.  मी त्यांची भाकरी खाल्ली होती आणि माझ्या एका पुस्तकी आठवणीवर त्यांची नोकरी लावून ठेवली होती.

शनिवार, पहाट

शुक्रवारी एकही सही सापडली नाही. मी दिवसभर मुग्धाशी धड बोलले नाही. शनिवारी पावणेसहाला, जरा उजाडताच, भिंग आणि छत्री घेऊन खाली गेले. भुरभुर पाऊस होता.

भिंतीवर त्या होत्या. आतल्या बाजूने. पहिल्याच शंखावर फाटकांची सही, शेपटीसकट! मी चप्पल चिखलात सोडून पळाले. दुसरी. पाचवी. अकरावी. काही अजून भिंतीच्या माथ्यावरून आत उतरत होत्या. आणि त्या नुसत्या बसलेल्या नव्हत्या, भिंत खात होत्या! भिंग लावलं तर चुन्यावर कानशीने घासल्यासारखे नागमोडी ओरखडे दिसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शंख वाढवायला त्यांना चुना लागतो. पावसाळ्याआधी कमिटीने हौसेने भिंत चुन्याने रंगवली होती, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले होते. पलीकडे रिकामा प्लॉट, इकडे जेवणाचं ताट. कोण राहील पलीकडे?

सिंधूबाई आल्या तेव्हा मी पावसात उभी राहून नुसती हसत होते. सहीवाल्या तेवढ्या आम्ही वेचून मोजल्या आणि सभेसाठी झाकणाच्या बादलीत ठेवल्या. एकोणतीस. सिंधूबाईंना वाचता येत नाही, पण त्या सहीवर बोट फिरवून म्हणाल्या, "सायबाचीच हाय. शेपूट वळवलीय." आणि पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले.

रविवार, पार्किंगमधली सभा

सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पंचवीसेक सभासद, पुढे टेबल, टेबलामागे फाटक. सिंधूबाई एका खांबाला टेकून उभ्या. विषय क्रमांक चार: बागेतील अस्वच्छता व माळीकाम. एक सभासद उठून म्हणाले की रोज बाल्कनीतून शंख दिसतात, याचा अर्थ काम होत नाही, ठेकेदाराचा माणूस नेमावा. दोघांनी माना डोलावल्या.

मी हात वर केला.

"सभासदांखेरीज कोणी बोलू नये अशी तरतूद आहे," फाटक म्हणाले.

"मी नाही बोलत," मी म्हटलं आणि बादली टेबलावर उलटी केली.

पहिल्या रांगेतल्या बायका खुर्च्यांसकट मागे सरकल्या. एकोणतीस शंख टेबलभर गडगडले. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी मोबाइल काढला. फाटकांनी एक शंख उचलला, चष्मा वर करून पाहिला. दुसरा उचलला. तिसरा.  टेबलाच्या कडेला एका गोगलगायीने हळूच शिंगं बाहेर काढली आणि त्यांच्या इतिवृत्ताच्या वहीवर चढू लागली.

"सही माझीच आहे," फाटक म्हणाले. "बुधवारी माझ्यासमोर पलीकडे टाकल्या होत्या." मग वहीवरची गोगलगाय बाजूला ठेवून, "तीन महिने ही बाई रोज वेचते आहे आणि तीन महिने आपण त्यांना चुना चारतो आहोत. ठरावात काय लिहू? सुचवा."

मी पुन्हा हात वर केला. मला बोलायची परवानगी मिळाली. मी सांगितलं ते मला स्वतःला आवडलं नाही. इतके दिवस ज्यांच्याकडे डोळे भरून पाहत होते त्यांच्याबद्दल मीच म्हणाले, या आपल्याकडच्या नाहीत, दुसरीकडे सोडल्या तर तिथलं शेत खातील, लोणी काळभोरला करतात तसं मिठाचं पाणी करा आणि भिंतीचा चुना खरवडा. मघाच्या सभासदांनी जीवहत्येचा मुद्दा काढला.

"मग तुमच्या बाल्कनीत पाळा की सायेब," सिंधूबाई खांबापासूनच म्हणाल्या. पहिल्यांदा त्या सभेत हशा पिकला. विषय क्रमांक चार तिथेच मिटला, नोकरी कायम.

लोक उठले तशा सिंधूबाई टेबलाजवळ आल्या. मला वाटलं आभार मानतील. पण त्यांनी फाटकांना विचारलं, "सायेब, उद्या रजा मिळंल का? चार दिस?"

"आत्ता कुठे नोकरी वाचली आणि लगेच रजा?"

"तीन म्हैन्यांत एकबी न्हाई घेतली. म्हनलं, एक दिस न्हाई आले तर म्हनाल, बघा, शंख वाढले." त्यांनी हातावरच्या पिशवीची गाठ उगाच ओढली. "दौंडला लेक दिलीय. बाळंत झाली. दीड म्हैना झाला. नातीचं त्वांड अजून न्हाई बघितलं."

फाटकांनी वही मिटली. ते उठून उभे राहिले. 

"मग इथे काय उभ्या आहात?"

सिंधूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पळत सुटल्या. चिखलातून, गेटमधून, थेट बसथांब्याकडे. हातांवरच्या पिशव्या सोडायच्याही राहिल्या होत्या.